अन्ननलिकेतील आम्लमापन चाचणी

अन्ननलिकेतील आम्लमापन चाचणी ही जठरातील आम्ल अन्ननलिकेत किती वेळा, किती वेळ आणि कोणत्या प्रसंगी चढते याचे मापन करणारी वैद्यकीय चाचणी आहे. रुग्णालयात ती ‘२४ तासांची पीएच चाचणी’ किंवा ‘अ‍ॅसिड टेस्ट’ या नावाने ओळखली जाते. नाकावाटे अन्ननलिकेत सोडलेल्या बारीक नळीवरील संवेदक, अथवा अन्ननलिकेच्या आतील अस्तराला चिकटवलेली लहान कुपी, ठरावीक अंतराने आम्लतेची नोंद घेते. ती नोंद रुग्णाच्या कमरेला किंवा खांद्याला अडकवलेल्या यंत्रात साठवली जाते. छातीतील जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे, दीर्घकाळचा खोकला इत्यादी लक्षणांमागे खरोखरच आम्लाचे उलट वहन आहे काय, हे ठरविण्यासाठी ही चाचणी करतात.

या चाचणीत रुग्णाचा सहभाग मोठा असतो. चाचणीपूर्वी कोणती औषधे बंद होती, रुग्ण किती तास उपाशी होता, चाचणीच्या दिवशी त्याने काय खाल्ले, तो केव्हा आडवा झाला आणि लक्षण जाणवताच त्याने यंत्रावरील कळ दाबली की नाही, यांवर अहवालातील आकड्यांचा अर्थ अवलंबून असतो. पूर्वतयारीत चूक झाल्यास यंत्र निर्दोष असूनही निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरू शकतो. परिणामी रुग्णाला वर्षानुवर्षे अनावश्यक औषध घ्यावे लागणे, किंवा आवश्यक उपचार न मिळणे, असे दोन्ही प्रकार संभवतात.

लोकभाषेतील शब्द आणि वैद्यकीय अर्थ

मराठीत आम्लाच्या त्रासाला सर्वसामान्यपणे ‘पित्त’ किंवा ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणतात. आधुनिक शरीरशास्त्रात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि लहान आतड्यात स्रवणारा हिरवट-पिवळा रस होय. तो आम्लधर्मी नसतो. जठरात तयार होणारे हायड्रोक्लोरिक आम्ल हा वेगळा पदार्थ आहे. आयुर्वेदात पित्त हा तीन दोषांपैकी एक असून काश्यपसंहिता आणि माधवनिदान या ग्रंथांत ‘अम्लपित्त’ या विकाराचे वर्णन आढळते. बोलीतील ‘आम्लपित्त’ हा शब्द त्या परंपरेतून आला आहे.

बोलीत ‘पित्त झाले’ या एकाच वाक्प्रयोगाने छातीत जळजळणे, मळमळणे, कडू-आंबट उलटी होणे आणि अर्धे डोके दुखणे, यांपैकी काहीही सूचित होऊ शकते. ‘अंगावर पित्त उठणे’ याचा अर्थ तर त्वचेवर खाजरे चट्टे उमटणे असा होतो आणि त्याचा जठरातील आम्लाशी संबंध असेलच असे नाही. ही चाचणी विशिष्ट लक्षणाचा आम्लाशी असलेला कालसंबंध तपासते. म्हणून रुग्णाने ‘पित्ताचा त्रास होतो’ एवढेच न सांगता नेमके काय होते, ते शरीराच्या कोणत्या भागात जाणवते, जेवणानंतर किती वेळाने होते आणि आडवे झाल्यावर वाढते काय, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक असते.

शारीरिक पार्श्वभूमी

जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात. या पेशींतील ‘प्रोटॉन पंप’ नावाचे प्रथिन हायड्रोजनचे आयन जठराच्या पोकळीत ढकलते. उपाशीपोटी जठररसाचा पीएच साधारणतः १ ते ३ च्या दरम्यान असतो. जठराचे स्वतःचे अस्तर श्लेष्म आणि बायकार्बोनेट यांच्या थराने सुरक्षित असते. अन्ननलिकेला तशा प्रकारचे भक्कम संरक्षण नसते. अन्ननलिका आणि जठर यांच्या संधिस्थानी असलेला झडपेसारखा स्नायू एरवी मिटलेला राहतो आणि घास गिळताना उघडतो. तो अवेळी सैल पडल्यास जठरातील द्रव वर चढतो. जेवणानंतर असे थोडेफार उलट वहन निरोगी व्यक्तीतही होते. त्याचे प्रमाण वाढून त्रास किंवा इजा होऊ लागली, तर त्यास ‘जठर-अन्ननलिका प्रत्यावहन विकार’ म्हणतात.

पीएच ही आम्लता मोजण्याची श्रेणी आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती १९०९ साली मांडली. या श्रेणीत ७ हा आकडा उदासीनतादर्शक असून आकडा जितका लहान तितकी आम्लता अधिक. श्रेणी लॉगॅरिथमिक असल्यामुळे पीएच ४ वरून ३ वर आला, तर हायड्रोजन आयनांची संहती दुप्पट नव्हे, दहापट वाढलेली असते. अन्ननलिकेतील पीएच एरवी उदासीनतेच्या जवळपास असतो. तो ४ च्या खाली गेला की जठरातील आम्ल वर आले, असे या चाचणीत मानले जाते. जठररसातील पेप्सिन हे प्रथिने पचविणारे विकर पीएच ४ च्या वर फारसे क्रियाशील नसते, हे या मर्यादेमागील एक कारण आहे.

इतिहास

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे इंग्लंडमधील वैद्य व रसायनशास्त्रज्ञ विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्करातील शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांना जठराचे कार्य प्रत्यक्ष पाहण्याची अपूर्व संधी मिळाली. १८२२ साली मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटाला बंदुकीची जखम झाली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडून पचनाचा अभ्यास केला आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

१८८५ साली जर्मनीतील एवाल्ड आणि बोआस यांनी ‘चाचणी-आहारा’ची पद्धत मांडली. रुग्णास पाव आणि चहा देऊन ठरावीक वेळाने नळीद्वारे जठरातील द्रव काढून त्यातील आम्ल मोजले जाई. पुढे ब्रिटिश वैद्य जॉन रायल यांनी बारीक, लवचिक नळी प्रचारात आणली. भारतीय रुग्णालयांत नाकातून जठरात घालण्याच्या नळीला आजही ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. तिचे नाव याच वैद्यांवरून पडले असून तिचा मूळ उपयोग रुग्णाला अन्न भरविण्यासाठी नव्हे, तर जठररसाचे नमुने काढण्यासाठी होता. १९५३ साली स्कॉटिश शल्यचिकित्सक अँड्र्यू के यांनी हिस्टामिन देऊन जठराची कमाल आम्लनिर्मिती मोजण्याची सुधारित चाचणी सांगितली. विसाव्या शतकाच्या मध्यास व्रणावरील शस्त्रक्रियेचा विचार करताना अशा चाचण्यांना महत्त्व होते.

पुढील काळात दोन गोष्टींनी हे चित्र बदलले. पहिली म्हणजे आम्लनिर्मिती रोखणारी प्रभावी औषधे. जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे सिमेटिडीन या औषधाच्या शोधाचाही वाटा होता. दुसरी म्हणजे जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध. त्यासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणासाठी जठरातील आम्ल मोजण्याची गरज त्यामुळे कमी झाली. ‘जठरात आम्ल किती तयार होते’ या प्रश्नाची जागा ‘ते अन्ननलिकेत किती वेळ राहते’ या प्रश्नाने घेतली. स्पेन्सर यांनी १९६९ साली दीर्घकाळ पीएच नोंदविण्याची पद्धत वर्णिली, तर जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी १९७४ साली २४ तासांच्या नोंदीवरून गुणांक काढण्याची रीत मांडली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी कुपी वापरात आली.

चाचणी कोणासाठी केली जाते

छातीत जळजळणाऱ्या प्रत्येक रुग्णास या चाचणीची आवश्यकता नसते. नेहमीच्या लक्षणांवर डॉक्टर प्रथम आहारविहारातील बदल आणि काही आठवड्यांचे औषध सुचवितात. गिळताना घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी होणे, काळी शौच होणे किंवा रक्तक्षय होणे अशी लक्षणे असल्यास आधी दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) केली जाते. छातीत दुखत असल्यास सर्वप्रथम हृदयविकार नाही, याची खात्री करून घेतात.

आम्लमापन चाचणी प्रामुख्याने पुढील परिस्थितीत सुचविली जाते :

१. औषध नियमित घेऊनही लक्षणे कमी न होणे.
२. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला इजा न दिसणे, तरीही त्रास कायम असणे.
३. दीर्घकाळचा खोकला, आवाज बसणे किंवा घशाशी जळजळणे यामागे आम्ल आहे काय, असा प्रश्न असणे.
४. उलट वहन रोखणाऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी निदानाची खात्री करणे.
५. वर्षानुवर्षे चाललेले औषध खरोखर आवश्यक आहे काय, हे ठरविणे.

चाचणीचे प्रकार

नळीची चाचणी : सुमारे २ मिलिमीटर जाडीची लवचिक नळी नाकपुडीतून अन्ननलिकेत सोडतात. तिच्यावरील संवेदक खालच्या झडपेच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर उंचीवर राहील, अशी रचना करतात. ती २४ तास ठेवली जाते.

नळीची पीएच व विद्युत्-प्रतिरोध चाचणी : या नळीवर पीएच संवेदकाबरोबर धातूची कडीही असतात. द्रव वर चढल्यास विद्युत्-प्रतिरोध घटतो, तर हवा वर आल्यास तो वाढतो. त्यामुळे आम्लाबरोबरच आम्लधर्मी नसलेले उलट वहन आणि ढेकर यांचीही ओळख पटते.

बिनतारी कुपीची चाचणी : दुर्बिणीच्या तपासणीच्या वेळी एक लहान कुपी अन्ननलिकेच्या अस्तराला चिकटवतात. ती ४८ ते ९६ तास रेडिओलहरींद्वारे माहिती पाठविते, काही दिवसांनी आपोआप सुटते आणि शौचावाटे बाहेर पडते. नाकात नळी नसल्यामुळे रुग्णाचा दिनक्रम अधिक स्वाभाविक राहतो. मात्र कुपी शरीरात असेपर्यंत एमआरआय तपासणी करता येत नाही. त्यासाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत पाळली जाते.

पूर्वतयारी

या विभागात दिलेले कालावधी सर्वसाधारण आहेत. रुग्णालयाने दिलेल्या लेखी सूचना आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला हाच अंतिम मानावा.

चाचणीचा उद्देश : औषधे बंद करावीत की चालू ठेवावीत, हे चाचणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे यावर ठरते. ‘या रुग्णाला हा विकार मुळात आहे काय’ असा प्रश्न असल्यास आम्लरोधक औषधे थांबवून चाचणी करतात. ‘विकार आधीच सिद्ध झालेला आहे, मग औषध घेऊनही त्रास का होतो’ असा प्रश्न असल्यास औषध चालू ठेवूनच चाचणी केली जाते. पहिल्या परिस्थितीत औषध घेऊन आलेल्या रुग्णाचा अहवाल सदोष असूनही निर्दोष दिसू शकतो. दुसऱ्या परिस्थितीत औषध बंद करून आलेल्या रुग्णाच्या अहवालातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच मिळत नाही. म्हणून तारीख ठरविताना ‘माझी चाचणी औषध बंद ठेवून आहे की चालू ठेवून’ हे विचारून घेणे, ही पूर्वतयारीची पहिली पायरी होय.

आम्लरोधक औषधे : औषध बंद ठेवून चाचणी असल्यास सामान्यतः पुढील क्रम पाळतात.

• प्रोटॉन पंप रोखणारी औषधे (ओमेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, राबेप्रॅझोल इत्यादी) : सुमारे ७ दिवस आधी बंद.
• हिस्टामिन-२ रोधक (फॅमोटिडीन इत्यादी) : सुमारे ३ दिवस आधी बंद.
• आम्ल उदासीन करणारी पातळ औषधे व चघळण्याच्या गोळ्या : साधारणतः २४ तास आधी बंद.

पहिल्या गटाला इतका दीर्घ अवधी लागण्याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. ही औषधे रक्तातून काही तासांत नाहीशी होतात, परंतु तत्पूर्वी ती प्रोटॉन पंपांना कायमची जखडून ठेवतात. पेशींनी नवे पंप तयार करेपर्यंत आम्लनिर्मिती पूर्ववत होत नाही. त्यामुळे ‘कालपासून गोळी घेतलेली नाही’ एवढे पुरेसे ठरत नाही.

अनेक रुग्णांना आपल्या गोळीचे नाव ठाऊक नसते. ‘गॅसची गोळी’, ‘सकाळी अनशापोटी घ्यायची गोळी’ अशीच तिची ओळख असते. सांधेदुखीच्या किंवा प्रतिजैविकांच्या गोळ्यांबरोबरही आम्लरोधक औषध लिहून दिलेले असते. काही गोळ्यांत आम्लरोधकाबरोबर डॉम्पेरिडोनसारखे जठराची हालचाल वाढविणारे औषधही असते आणि तेही चाचणीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. म्हणून घरातील सर्व औषधांची पाकिटे डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखविणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खाण्याचा सोडा, शंखभस्म, शंखवटी, कामदुधा यांसारखे घरगुती व आयुर्वेदिक उपायही सांगावेत. सोडा आम्लाचे थेट उदासीनीकरण करतो आणि शंखभस्मासारख्या औषधांत कॅल्शियमची संयुगे असतात. ‘ते औषध थोडेच आहे’ अशा समजुतीने ते न सांगितल्यास नोंदीत फरक पडू शकतो.

औषध थांबविण्याचे धोके : आम्लरोधक औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. हृदयातील स्टेंटनंतर रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांस जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून ते दिलेले असू शकते. अलीकडे व्रणातून रक्तस्राव झालेल्या, अन्ननलिकेला तीव्र इजा असलेल्या किंवा झोलिंगर-एलिसन संलक्षण असल्याचा संशय असलेल्या रुग्णांत औषध अचानक थांबविणे गंभीर ठरू शकते. अशा वेळी चाचणी पुढे ढकलणे किंवा औषध चालू ठेवून करणे असे पर्याय असतात. याखेरीज दीर्घकाळ घेतलेले औषध थांबविल्यावर काही काळ आम्लनिर्मिती पूर्वीपेक्षाही वाढू शकते. त्या आठवड्यात जळजळ वाढल्यास काय घ्यावे आणि ते किती तास आधीपर्यंत चालेल, हे अगोदरच विचारून ठेवावे. काळी शौच, रक्ताची उलटी किंवा असह्य वेदना झाल्यास चाचणीची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

इतर औषधे : रक्तदाब, हृदयविकार व दमा यांवरील काही औषधांचा अन्ननलिकेच्या झडपेवर परिणाम होतो. तथापि ती स्वतःहून थांबवू नयेत. आवश्यक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेण्यास बहुधा परवानगी मिळते. मधुमेही रुग्णांनी उपाशी राहण्याच्या काळात इन्शुलिन किंवा गोळ्या कशा घ्याव्यात, याची सूचना घ्यावी आणि सकाळची पहिली वेळ मागावी. रक्त गोठू न देणारी औषधे घेत असल्यास ती बाब चाचणीची तारीख ठरतानाच सांगावी.

उपाशी राहणे : नळीच्या चाचणीपूर्वी साधारणतः ४ ते ६ तास काही खाऊ-पिऊ नये. अनेक ठिकाणी आदल्या रात्रीपासून उपाशी राहण्यास सांगतात. नळी घालताना उलटी झाल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हा यामागील हेतू आहे. ‘उपाशी’ याचा अर्थ उपवासाचे पदार्थही नाहीत, असा घ्यावा. दूध, चहा, केळे किंवा साबुदाणा यांना सूट नसते. तंबाखू, मिश्री, गुटखा, पान आणि धूम्रपान यांपासूनही त्या सकाळी दूर राहावे.

डॉक्टरांना सांगावयाच्या बाबी : नाकाचे हाड वाकडे असणे, नाकाची पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असणे, वारंवार घोळणा फुटणे, गिळताना अडकणे, यकृतविकारामुळे अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असणे, गरोदरपण, तसेच औषधांची किंवा चिकटपट्टीची अ‍ॅलर्जी या बाबी अगोदर सांगाव्यात. हृदयात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असल्यास, अथवा निकेल या धातूची अ‍ॅलर्जी असल्यास, बिनतारी कुपी सहसा टाळली जाते.

कपडे व वस्तू : समोरून बटणे असलेला सैल सदरा किंवा ब्लाऊज घालावा, म्हणजे नळी न ओढता कपडे बदलता येतात. गालावर चिकटपट्टी नीट बसावी म्हणून पुरुषांनी दाढी केलेली असावी व चेहऱ्यास तेल किंवा क्रीम लावू नये. नाकातील चमकी काढून ठेवावी. नळी असताना यंत्र भिजवता येत नसल्यामुळे स्नान करूनच रुग्णालयात जावे. कुपी बसविताना गुंगीचे औषध दिले जाणार असल्यास सोबत नातेवाईक असावा आणि त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवू नये.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीपूर्वी संवेदक ज्ञात पीएच असलेल्या द्रावणांत बुडवून प्रमाणित करतात. झडपेचे नेमके स्थान कळण्यासाठी बहुधा आधी अन्ननलिकेतील दाब मोजणारी चाचणी करतात. रुग्णास बसवून नाकपुडीत बधिरता आणणारे जेल लावतात. नळी घशापर्यंत आली की रुग्णास पाण्याचे छोटे घोट गिळण्यास सांगतात आणि प्रत्येक घोटाबरोबर नळी पुढे सरकते. हा भाग काही मिनिटांचाच असतो. त्या वेळी डोळ्यांत पाणी येणे, शिंका किंवा ओकारी येणे स्वाभाविक आहे. नळी श्वासमार्गात नसते, त्यामुळे रुग्णाला श्वास घेता येतो व बोलताही येते. हनुवटी किंचित छातीकडे झुकविल्यास आणि संथपणे श्वास घेतल्यास नळी सुलभतेने जाते. त्यानंतर ती गालावर चिकटवून यंत्राला जोडतात आणि रुग्णास घरी पाठवितात.

चाचणीचा दिवस

या २४ तासांत रुग्णाने शक्य तितके नेहमीप्रमाणे वागावे. त्रास टाळण्यासाठी त्या दिवशी फक्त मऊ भात आणि ताक घेतले, तर नोंद त्या पथ्याची होते, रुग्णाच्या रोजच्या आयुष्याची होत नाही. रोज रात्री उशिरा जेवून लगेच झोपण्याची सवय असल्यास त्या दिवशीही तसेच करावे. दुपारी वामकुक्षीची सवय असल्यास ती घ्यावी व तिची वेळ लिहावी. एरवी उपवास न करणाऱ्याने चाचणीच्या दिवशी उपवास धरू नये. तारीख ठरविताना एकादशी, संकष्टी, रोजे किंवा घरातील मंगलकार्य यांचा विचार केलेला बरा. नोकरी करणाऱ्याने शक्य असल्यास कामावरही जावे.

काही बंधने मात्र पाळावी लागतात. लिंबाचे सरबत, सोलकढी, कैरीचे पन्हे, फळांचे रस, शीतपेये आणि चिंचेचे पदार्थ स्वतःच आम्लधर्मी असतात. ते गिळताना संवेदकाला स्पर्श करतात आणि पीएच खाली येतो. जेवणाच्या वेळा नोंदविलेल्या असल्यास विश्लेषणात त्या वगळता येतात. मात्र दिवसभर घोट घोट घेतलेले व न नोंदविलेले सरबत उलट वहन म्हणून मोजले जाण्याचा संभव असतो. म्हणून अशी पेये टाळावीत किंवा जेवणाबरोबरच घ्यावीत. च्युइंग गम आणि चघळण्याच्या गोळ्यांनी लाळ वाढते आणि लाळ आम्ल धुऊन काढते, म्हणून त्याही टाळाव्यात.

नोंदवही : यंत्रावर सामान्यतः जेवण, आडवे होणे आणि लक्षण यांसाठी स्वतंत्र कळा असतात. कळ दाबण्याबरोबरच वहीत वेळ लिहावी. वेळ मनगटी घड्याळावरून न लिहिता यंत्रावरील घड्याळावरून लिहावी, कारण दोहोंत पाच मिनिटांचा फरक असला, तरी लक्षण आणि आम्ल यांची सांगड चुकू शकते. लक्षण जाणवताच कळ दाबावी. ‘थोडेसेच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. नोंद पुढीलप्रमाणे असावी :

दुपारी १.१० ते १.३५ : जेवण (भाकरी, पिठले, ठेचा, भात).
दुपारी २.०५ : छातीच्या मध्यभागी जळजळ.
दुपारी २.२० ते ३.०० : आडवे झाले.
दुपारी ३.४० : आंबट ढेकर.
दुपारी ४.१५ : खोकल्याची उबळ.

वयस्कर किंवा लिहिता न येणाऱ्या रुग्णाची वही घरातील व्यक्तीने लिहावी, मात्र कळ रुग्णाने स्वतः दाबावी. नळी अपघाताने बाहेर सरकल्यास ती पुन्हा आत ढकलू नये व रुग्णालयाशी संपर्क साधावा.

निष्कर्षांचे वाचन

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ अन्ननलिकेतील पीएच ४ पेक्षा कमी होता, हा होय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लियों सहमती’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मसुद्यानुसार हे प्रमाण ४ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास सामान्य, ६ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास विकारदर्शक आणि ४ ते ६ टक्के असल्यास अनिर्णित मानतात. पूर्ण २४ तास म्हणजे १४४० मिनिटे धरल्यास ४ टक्के म्हणजे सुमारे ५८ मिनिटे आणि ६ टक्के म्हणजे सुमारे ८६ मिनिटे होतात. दोन मर्यादांमधील अंतर अर्ध्या तासापेक्षाही कमी आहे. न नोंदविलेले सरबताचे दोन पेले किंवा न सांगितलेली एक गोळी अहवाल एका गटातून दुसऱ्या गटात ढकलू शकते, ते यामुळेच.

डीमीस्टर गुणांक सहा घटकांवरून काढतात. तो १४.७२ पेक्षा अधिक असल्यास आम्लाचे उलट वहन वाढलेले मानतात. याशिवाय लक्षण आणि आम्ल यांचा संबंध पाहिला जातो. लक्षणापूर्वीच्या दोन मिनिटांत उलट वहन झाले असेल, तर ते त्याच्याशी संबंधित धरतात. निम्मी किंवा त्याहून अधिक लक्षणे अशी असल्यास संबंध लक्षणीय समजला जातो. कळ दाबलेलीच नसल्यास ही गणना करता येत नाही.

आम्लाचे प्रमाण वाढलेले आढळल्यास औषध, आहारविहारातील बदल किंवा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. प्रमाण सामान्य असूनही प्रत्येक वेळी लक्षण उलट वहनाशी जुळत असल्यास अन्ननलिका अतिसंवेदनशील असल्याचे मानतात. दोन्ही जुळत नसल्यास लक्षणाचे कारण अन्यत्र शोधावे लागते. असा अहवाल आला म्हणजे रुग्णाची तक्रार खोटी ठरत नाही. तिच्यामागे आम्ल नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते आणि अनावश्यक औषध कमी करण्याचा मार्ग मोकळा होतो.

मर्यादा आणि धोके

उलट वहनाचे प्रमाण दिवसागणिक बदलते, त्यामुळे एका दिवसाची नोंद काही वेळा अपुरी पडते. नाकातील नळीमुळे काही रुग्ण कमी खातात व कमी हिंडतात आणि त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. नळीच्या चाचणीत घसा खवखवणे, नाक वाहणे आणि क्वचित घोळणा फुटणे हे त्रास होतात. कुपीमुळे काही रुग्णांना छातीत टोचल्यासारखे वाटते. ती वेळेआधी सुटून पडू शकते आणि वेदना तीव्र असल्यास क्वचित दुर्बिणीद्वारे काढावी लागते. लहान मुलांत नळीचे माप, संवेदकाचे स्थान आणि आकड्यांचे निकष वेगळे असतात.

संबंधित इतर चाचण्या

‘अ‍ॅसिडची तपासणी’ या नावाखाली पुढील चाचण्यांची गल्लत होते. त्यांची पूर्वतयारी वेगळी असल्याने चिठ्ठीवरील नाव नीट वाचून घ्यावे.

जठररस-विश्लेषण : यात नाकातून जठरात घातलेल्या नळीद्वारे दर १५ मिनिटांनी रस काढून तासाभरात किती आम्ल तयार झाले हे मोजतात. रात्रभर उपाशी राहावे लागते. ही चाचणी आता क्वचितच, मुख्यतः झोलिंगर-एलिसन संलक्षणासारख्या अतिरिक्त आम्लनिर्मितीच्या विकारांत करतात.

युरिया श्वास चाचणी : ही हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूसाठी असून तिच्यात आम्ल मोजले जात नाही. तिच्यापूर्वी प्रोटॉन पंप रोखणारी औषधे सुमारे २ आठवडे आणि प्रतिजैविके सुमारे ४ आठवडे बंद असावी लागतात.

एंडोस्कोपी : हिच्यात अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग प्रत्यक्ष पाहतात. आम्लामुळे झालेली इजा तीत दिसते, पण आम्ल किती वेळ वर होते, हे तीवरून मोजता येत नाही.